नातवंडांसाठी जीवशास्त्राचे चार पाठ





गेल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीतील एक आजीबाई मला जिन्यात भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, “बाई, नातू माझा नववीत गेला. जीवशास्त्राचं जाडजूड पुस्तक घेऊन बसतो. मला त्यातलं एक अक्षर लागत नाही. लहान होता तेव्हा मी त्याच्याकडून आकडे म्हणून घ्यायचे. आता नुसता चहा नेऊन ठेवते आणि दार लावून घेते.”

हे दुःख त्यांच्या एकटीचे नाही. आपल्यापैकी अनेकांचे हिब्रू बाजारापुरते व दवाखान्यापुरते आहे. नातवंडे मोठ्या वर्गात गेली की अभ्यासाच्या टेबलावरून आपली खुर्ची आपोआप मागे सरकते. मी त्यांना विचारले, “आज स्वयंपाक काय?” त्या म्हणाल्या, “बिरडं. वाल मोड आणून ठेवलेत, आता सोलायचे.” मी म्हटले, “मग आज चहा नेऊन देऊ नका. त्यालाच स्वयंपाकघरात बोलवा आणि शेजारी बसवून वाल सोलायला लावा. नववीचे जीवशास्त्र त्या पातेल्यात आहे.”

त्या हसल्या. मी मात्र गंमत करीत नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ मी इथल्या माध्यमिक शाळांतून जीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना जे खरेखुरे शिकवले गेले असे वाटते, ते बहुतेक सर्व मुलांच्या हातांनी झाले होते. माझे स्वतःचे शिक्षणही तसेच झाले. १९७६ साली मी एस. एस. सी. झाले, ती तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील एका साध्या शाळेतून. तिथे प्रयोगशाळा नव्हती. आमचे मास्तर कुंपणावरची जास्वंद तोडून आणीत, प्रत्येकाच्या हातावर एकेक फूल ठेवीत आणि म्हणत, “आधी उघडा. नाव मागाहून सांगतो.” पुढे इस्रायलात मला सुसज्ज प्रयोगशाळा मिळाली, आणि आरंभीची काही वर्षे मी फळ्यावर नावे लिहून देत राहिले! त्या चुकीबद्दल पुढे लिहीत आहे.

खाली चार पाठ दिले आहेत. चारही घरच्या वस्तूंनी होतात. वर्ग शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांनाही ते उपयोगी पडतील.

प्रथम तीन नियम

१. आधी विचारावे, मग करावे. “काय होईल असं तुला वाटतं?” हे मुलाकडून कागदावर लिहून घ्यावे. याला शाळेत हशआरा म्हणतात. अंदाज चुकला तरी खोडू नये.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे. ज्यात काही बदललेले नाही असे एक भांडे शेजारी असू द्यावे. ते म्हणजे बकारा. तुलनेला काही नसेल तर प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

३. जे दिसले तेच लिहावे. पुस्तकात काय आहे ते नंतर पाहावे.

ज्या मुलांनी जीवशास्त्र हा विषय घेतला आहे, त्यांना बगरूतसाठी प्रयोगशाळेतील परीक्षाही द्यावी लागते. तिथे हशआरा काय, बकारा कोणती व ती कशासाठी, हे विचारले जाते. तेव्हा हे तीन नियम केवळ हौसेचे नाहीत.

पाठ पहिला : डाळिंबीच्या आत

साहित्य : मूठभर वाल, फडके, कापूस, सहा वाट्या, जखमेला लावायचे आयोडीन.

कृती : वाल रात्रभर भिजवावेत. त्यातले दोन-चार दाणे मुलाच्या हातात द्यावेत. दाण्याच्या कडेला उठून दिसणारी पांढरी रेघ त्याला दाखवावी. शेंगेला दाणा जिथे चिकटलेला होता, ती ती जागा. म्हणजे ही बाळाची बेंबीच म्हणा ना! तिच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असते. भिजलेला दाणा पुसून हलकेच दाबला तर तेथून कधी कधी पाण्याचा बारीक थेंब बाहेर येतो.

आता साल काढावी. आपण जिला डाळिंबी म्हणतो, ती बोटांनी अलगद उघडली की तिचे दोन भाग होतात. ही दोन बीजपत्रे. त्यांच्या मध्ये, एका टोकाला, इवलेसे रोपटे निजलेले दिसेल. त्याचे एक टोक मूळ होणार आणि दुसरे कोंब. भिंग असेल तर दुमडलेली चिमुकली पानेही दिसतात. बिरड्याच्या रोजाला आपण किती डाळिंब्या सोलल्या असतील, पण हे रोपटे कितीजणींनी थांबून पाहिले?

मग विचारावे, “एवढ्याशा रोपट्याला एवढ्या जाड डाळिंब्या कशाला?” मुलाने उत्तर लिहिल्यावर डाळिंबीचा कापलेला भाग बशीत ठेवून त्यावर पातळ केलेल्या आयोडीनचा थेंब टाकावा. तपकिरी थेंब निळा-काळा होईल. निळा-काळा रंग म्हणजे पिष्ट, इथल्या पुस्तकातील अमिलान. शेजारी साखर, मीठ व नुसते पाणी यांवरही थेंब टाकावा. तिथे तो तपकिरीच राहतो. ही झाली बकारा. हलव्यासाठी गव्हाचा चीक काढलेला असेल तर त्यातला चमचाभर वेगळा काढून त्यावरही पाहावे. गडद निळा होतो, कारण चीक म्हणजे मुख्यत्वे गव्हाच्या दाण्यातले पिष्टच. आयोडीन लागलेले काहीही तोंडात घालू नये व ते कपड्यांवर सांडू देऊ नये.

आता खरा प्रयोग. मोड येऊ लागलेले पंधरा वाल घ्यावेत. पाच दाण्यांच्या दोन्ही डाळिंब्या ठेवाव्यात. पाचांची एक डाळिंबी अलगद काढावी. उरलेल्या पाचांच्या दोन्ही काढून फक्त ते इवले रोपटे ठेवावे. तीन वाट्यांत सारख्या ओल्या कापसावर ठेवून, एकाच खिडकीत, रोज एकाच वेळी पट्टीने मोजावे. आठवडाभरात मुलाच्या लक्षात येईल की शिदोरी जितकी कमी, तितकी वाढ खुंटते. मग त्याला सांगावे की आपण जे खातो ती त्या रोपट्याची शिदोरी आहे.

एकेका दाण्यावर भागवू नये, पाच तरी हवेतच. एखादा दाणा मुळातच किडका असतो. एका दाण्यावरून केलेला निष्कर्ष म्हणजे एका माणसावरून गावाची परीक्षा.

पाठ दुसरा : भाजलेली आणि कच्ची

साहित्य : तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड (फार्मसीत मेई हम्त्सान म्हणून मिळते), कोंबडीच्या किंवा गाईच्या काळजाचा, म्हणजे कलेजीचा लहान तुकडा, बटाटा, चार फेकून द्यायचे पेले, पट्टी.

आपल्या घरी कलेजी आणली की ती विस्तवावर भाजून घेण्याची रीत आहे. भाजण्यापूर्वी वाटाण्याएवढा एक कच्चा तुकडा बाजूला काढावा व तेवढाच एक पुरता भाजलेला. तसेच बटाट्याचे, एक कच्चा व एक उकडलेला. चार पेल्यांत चार तुकडे ठेवून प्रत्येकात दोन-दोन मोठे चमचे पेरॉक्साइड घालावे. त्याआधी मुलाचा अंदाज लिहून घेण्यास विसरू नये.

काय दिसेल : कच्च्या कलेजीवर भसाभस फेस चढतो. कच्च्या बटाट्यावर त्याहून कमी, पण बुडबुडे स्पष्ट दिसतात. भाजलेल्या व उकडलेल्या तुकड्यांवर जवळजवळ काहीच नाही. फेसाची उंची पट्टीने मोजून लिहावी.

का : पेशींच्या नेहमीच्या कामकाजात पेरॉक्साइड थोडे थोडे तयार होत असते, आणि ते पेशीला घातक असते. म्हणून पेशी कॅटालेझ नावाचे एन्झिम बाळगते. ते पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू करून टाकते. फेस म्हणजे तो प्राणवायू. काळीज हे शरीरातील विषारी द्रव्यांचा बंदोबस्त करणारे मोठे ठाणे, त्यामुळे तिथे हे एन्झिम भरपूर. एन्झिम हे प्रथिन आहे. विस्तवावर त्याची घडी विस्कटते आणि काम थांबते. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर घट्ट होतो व पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे.

थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१८ साली पेरॉक्साइडचा शोध लावला. कॅटालेझ हे नाव १९०० साली ऑस्कर लोव यांनी दिले. एन्झिमांची कथा मात्र आपल्या पहिल्या पाठाशी जुळते. १८३३ साली पायेन व पर्सोझ या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी पिष्टाची साखर करणारा एक पदार्थ वेगळा काढला, तो मोड आलेल्या सातूतून. वेगळे काढलेले हे पहिले एन्झिम. मोड आलेले धान्य किंचित गोड का लागते, याचे उत्तर त्यातच आहे.

हा पाठ इथे संपवू नये. फेस ओसरल्यावर त्याच कलेजीवर पुन्हा पेरॉक्साइड घालावे. पुन्हा फेस येतो! म्हणजे एन्झिम काम करते, पण खर्ची पडत नाही. वाक्य पाठ करणे व हे डोळ्यांनी पाहणे यात फार अंतर आहे.

सावधगिरी : डोळ्यांवर चष्मा असावा. पेल्यावर झाकण घालू नये, कारण वायू साठून ते उडते. कच्च्या मांसाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. तुकडे व पेले कचऱ्यात टाकावेत.

पाठ तिसरा : थर्मासातील मूग

आता माझ्या चुकीबद्दल.

१९८८ सालची गोष्ट. एका शाळेत मी दहावीच्या वर्गाला नशिमा ताइत, म्हणजे पेशींचे श्वसन शिकवीत होते. प्रयोग नेहमीचाच. एका थर्मासात मोड आलेले मूग, दुसऱ्यात उकडून गार केलेले. दोन्हींत तापमापक खोचून तोंडाला कापूस. तीन दिवसांनी जिवंत मुगांचा थर्मास गरम झालेला असतो, मेलेल्यांचा नाही, कारण श्वसनात अन्नातील शक्तीचा काही भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. पुस्तकात असे होते.

आमच्या वर्गात तिसऱ्या दिवशी दोन्ही थर्मास गरम निघाले! उकडलेल्या मुगांना वासही येत होता. घंटा व्हायला पाच मिनिटे होती. मी फळ्यावर पुस्तकातले आकडे लिहिले आणि मुलांना ते उतरवून घ्यायला सांगितले. पुढच्या बाकावरील एक मुलगी तापमापक हातात धरून म्हणाली, “मोरा, म्हणजे हा बिघडलाय का?” मी म्हटले, “हो, बिघडला असेल.” तिने वहीतला स्वतःचा आकडा खोडला.

संध्याकाळी घरी भांडी घासताना माझ्या ध्यानात आले. मूग आम्ही उकडले, पण जंतुनाशकाने धुतले नव्हते. मेलेल्या मुगांवर जंतू पोसले गेले, आणि जंतूही श्वसन करतात. तापमापक खरे सांगत होता. खोटे मी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात हे कबूल करायला हवे होते. पण पुढचा धडा उरकायचा होता, परीक्षा जवळ होती, आणि खरे सांगायचे तर लाजही वाटत होती. मी गप्प बसले. त्या मुलीने माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

पुढच्या वर्षापासून मी दोनाऐवजी तीन थर्मास मांडू लागले. आपणही तसेच मांडावे.

पहिल्यात मोड आलेले जिवंत मूग, जंतुनाशकाने धुतलेले. दुसऱ्यात उकडून गार केलेले, तसेच धुतलेले. तिसऱ्यात उकडून गार केलेले, न धुतलेले. धुण्यासाठी एक भाग घरचे एकोनोमिका व नऊ भाग पाणी असे मिश्रण करून मूग त्यात दोन मिनिटे बुडवावेत आणि साध्या पाण्याने खळखळून घ्यावेत. हे काम मोठ्या माणसाने करावे. एकोनोमिकात व्हिनेगर वा दुसरे कोणतेही साफसफाईचे औषध मिसळू नये. थर्मास अर्ध्याहून थोडे अधिक भरावेत. तोंड कापसाने बंद करावे, घट्ट झाकण लावू नये. सकाळ-संध्याकाळ तीन दिवस तापमान लिहावे.

जिवंत मुगांचा थर्मास काही अंशांनी वर चढेल. दुसरा खोलीच्या तापमानाजवळ राहील. तिसरा आधी दुसऱ्यासारखाच असेल व नंतर हळूहळू तापू लागेल. मुलाला विचारावे, “मेलेले मूग कसे तापले?” लगेच उत्तर देऊ नये. त्याला वास घेऊ द्यावा, विचार करू द्यावा. दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. आणि धुतलेला थर्मासही तापला, तर धुण्यात काय राहिले ते दोघांनी मिळून शोधावे. तो आकडा खोडण्यास मात्र कधीही सांगू नये.

मुले इथे हमखास विचारतात, “मग कोरडे मूग जिवंत की मेलेले?” ते जिवंत असतात, पण त्यांचा व्यवहार अगदी मंद चाललेला असतो. ही झोप किती लांबू शकते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. मसादाच्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या होत्या. २००५ साली किबुत्स केतुरा येथे डॉ. इलेन सोलोवे यांनी त्यांतली एक बी रुजवली. त्या झाडाला मतुशेलाह हे नाव दिले गेले. दिसायला कोरडे म्हणून मेलेले समजू नये, हे त्या बीने दाखवले.

पाठ चौथा : बटाटा मिठात

साहित्य : एक मोठा बटाटा, सुरी, पट्टी, मीठ, तीन सारखे पेले.

कृती : बटाट्याच्या बरोबर पाच सेंटिमीटर लांबीच्या नऊ सारख्या कांड्या कापाव्यात. प्रत्येक पेल्यात सारखे पाणी घ्यावे. पहिल्यात मीठ नाही, दुसऱ्यात एक लहान चमचा, तिसऱ्यात तीन. प्रत्येकात तीन कांड्या टाकून रात्रभर ठेवाव्यात. सकाळी पुसून मोजाव्यात आणि बोटांनी वाकवून पाहाव्यात.

काय दिसेल : साध्या पाण्यातील कांडी थोडी लांबते, ताठ होते, वाकवली तर कटकन मोडते. खूप मिठाच्या पाण्यातील आखूड व लुळी पडते, बोटाभोवती वळते. मधल्या पेल्यातील कांडीबद्दल मी काही सांगत नाही. ते मुलाने मोजून आपल्याला सांगावे.

का : पेशीच्या आवरणातून पाणी सहज ये-जा करते, मीठ तितके सहज जात नाही. बाहेर मीठ जास्त असेल तर पेशीतील पाणी बाहेर पडते, कमी असेल तर आत शिरते. याला ऑस्मोझा म्हणतात. कैरीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, ते यामुळेच. शब्द नवा असेल, पण प्रकार आपल्या आया-आज्यांना ठाऊक होता. कोमेजलेली कोथिंबीर साध्या पाण्यात ठेवून ताजी करणारी प्रत्येक गृहिणी हा प्रयोग उलट बाजूने करीत असते.

उकडलेल्या बटाट्याच्या कांड्या घेऊनही हे करून पाहावे. साध्या पाण्यात त्या ताठ होत नाहीत, कारण शिजताना पेशींची आवरणे मोडतात. म्हणजे पाणी आत घेऊन ताठ राहणे हे धड असलेल्या पेशीचे काम.

शेवटी दोन शब्द

आजीबाईंचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्या दिवशी नातवाने वाल सोलले. पुढल्या आठवड्यात त्याने डाळिंब्यांचा प्रयोग मांडला, आणि दोन्ही डाळिंब्या असलेले पाचही वाल कुजले! वाटीत पाणी फार झाले होते. तो चिडून सर्व फेकून देणार होता. आजीबाई म्हणाल्या, “फेकू नको. काय झालं ते लिही, मग परत लाव. वालाला पाणी किती लागतं ते मला विचार.” हे वाक्य त्यांनी मराठीतच म्हटले, आणि त्याला ते समजले. दुसऱ्या खेपेला पाणी घालण्याचे काम आजीबाईंकडे होते व मोजण्याचे नातवाकडे.

आपल्यापाशी पुस्तकाची हिब्रू नसेल. परंतु मोड कसे आणायचे, कैरीला पाणी कधी सुटते, दाणा किडका कसा ओळखायचा, हे ज्ञान आपल्या हातांत आहे, आणि बऱ्याच शिक्षकांपाशीही ते नसते. नातवंडांना शास्त्रीय नावे शाळा सांगेल. आपण फक्त विचारावे, “तुला काय वाटतं?” आणि नंतर, “तुला काय दिसलं?” ते जे सांगतील त्यावर विश्वास ठेवावा. तापमापक बिघडला आहे असे म्हणण्यापूर्वी एकदा तरी थर्मासात डोकावून पाहावे.

वाचकांपैकी कोणी हे पाठ करून पाहिले व काही वेगळे आढळले, तर संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावे. वेगळे आढळले असेल, तर अधिकच आनंद होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका